गाळातला बर्फ आणि त्याचे राखणदार

ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस गोदावरीतून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जातो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. शाळेतला नकाशा तिथे संपतो, आणि नदीही तिथेच संपली असं आपण धरून चालतो. पण गाळाचा प्रवास पुढे चालूच राहतो. नाशिक-नगरची, मराठवाड्याची, विदर्भाची काळी माती, तिच्यासोबत वाहून आलेले पाना-मुळांचे कण हे सगळं समुद्रात शिरतं, किनाऱ्यालगतची उथळ पट्टी ओलांडतं आणि उतारावरून घसरत हजार मीटरांहून खोल अंधारात जाऊन बसतं. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णाही तेच करते. दोघींनी लाखो वर्षं रचलेल्या या राशीला भूवैज्ञानिक कृष्णा-गोदावरी खोरं म्हणतात. या राशीच्या पोटात एक बर्फ आहे. त्याला काडी लावली तर तो पेटतो.

२००६ साली २८ एप्रिलला ‘जॉइडिस रेझोल्युशन’ नावाचं छिद्रण-जहाज मुंबईहून निघालं. भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची ही पहिली मोठी मोहीम. १९ ऑगस्टला ती चेन्नईला संपली, तोवर एकवीस ठिकाणी समुद्रतळाला भोकं पाडून झाली होती. सुरुवात आपल्या बाजूने, अरबी समुद्रातल्या केरळ-कोकण खोऱ्यातून झाली. तिथे हाती काही लागलं नाही. मग जहाज वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेलं, आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दहाव्या क्रमांकाच्या जागी, साधारण हजार मीटर पाण्याखाली, चिखलाच्या भेगाभेगांतून पसरलेला पांढरा बर्फ वर आला. ज्या थरात तो सापडला त्याची जाडी सुमारे १३० मीटर होती. जगात तोवर सापडलेल्या समृद्ध साठ्यांमध्ये या जागेची गणना होते.

असा बर्फ वर आणणं म्हणजे वेळेशी शर्यत. समुद्रतळाखालून उपसलेला गाळाचा लांब दंडगोल, ज्याला जहाजावर ‘कोअर’ म्हणतात, डेकवर येईपर्यंत त्याच्यावरचा दाब उतरलेला असतो आणि आतला बर्फ विरघळू लागलेला असतो. गाळ फुगतो, तडकतो, त्यातून चरचर आवाज येत राहतो. म्हणून शास्त्रज्ञ कोअर हाती येताच तिच्यावरून उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवतात. हा बर्फ फुटताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, त्यामुळे जिथे तो होता ती जागा आजूबाजूच्या गाळापेक्षा गार दिसते. दुसरी खूण पाण्यात असते. बर्फ घडताना त्यात मिठाला जागा मिळत नाही, फक्त गोडं पाणी बांधलं जातं. तो वितळला की गाळातलं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अळणी होतं. किती अळणी झालं हे मोजायचं, आणि त्यावरून डोळ्यांदेखत नाहीशा झालेल्या बर्फाचा हिशेब मांडायचा. नसलेल्या वस्तूचं माप तिच्या मागे राहिलेल्या गोडेपणावरून काढण्याची ही रीत मला फार सुंदर वाटते.

हा बर्फ, म्हणजेच गॅस हायड्रेट, नेमका असतो तरी काय? पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून बारीक बारीक पिंजरे रचतात. प्रत्येक पिंजऱ्यात मिथेनचा एक रेणू बसतो. मिथेन म्हणजे गोबर गॅसमधला, पाइपने स्वयंपाकघरात येणाऱ्या गॅसमधला, ज्वलनाचा मुख्य घटक. पाणी आणि मिथेन यांच्यात कसलंही रासायनिक बंधन नसतं. पिंजरे दोन मापांचे असतात, एक वीस रेणूंचा, दुसरा चोवीस रेणूंचा. पाण्याच्या ४६ रेणूंमागे आठ पिंजरे तयार होतात. पिंजरा रिकामा असेल तर तो कोसळतो. पाहुण्याच्या असण्यानेच घराच्या भिंती उभ्या राहतात. आणि जागेचा वापर तर असा की एक घनमीटर हायड्रेट फुटला तर सुमारे १६४ घनमीटर मिथेन बाहेर येतो, शिवाय ०.८ घनमीटर पाणी उरतं.

माणसाला हा पदार्थ आधी प्रयोगशाळेत भेटला, मग कारखान्यात, आणि निसर्गात सगळ्यात शेवटी. हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास क्लोरीन आणि पाण्यापासून असे स्फटिक मिळवले. १८२३ मध्ये मायकेल फॅरेडेने त्यांतलं पाणी-क्लोरीनचं प्रमाण काढलं. मिथेनचा हायड्रेट १८८८ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिलार्डने तयार केला. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही एक रासायनिक गंमत होती. मग १९३४ मध्ये हॅमरश्मिट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की नैसर्गिक वायूच्या नळ्या थंडीत तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, हायड्रेटने. नळीचं तापमान पाणी गोठण्याइतकं उतरलेलं नसतानाही. तेल-वायूच्या धंद्यात तेव्हापासून हायड्रेट म्हणजे डोकेदुखी. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची विहीर फुटली तेव्हा गळती झाकायला दीड हजार मीटर खोल उतरवलेली भलीमोठी पोलादी टोपी याच स्फटिकांनी तुंबली आणि बाजूला ठेवावी लागली. निसर्गात, सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीखाली हा पदार्थ साठलेला असू शकतो हे सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी मकोगॉन यांनी १९६० च्या दशकात मांडलं.

तो घडायला दोन गोष्टी लागतात, थंडी आणि दाब. खोल समुद्रात दोन्ही आहेत. थंड समुद्रांत तीन-चारशे मीटरांखालीच परिस्थिती जुळून येते, आपल्या उबदार समुद्रांत त्याहून बरंच खोल जावं लागतं. पण गाळात खाली खाली जावं तसं पृथ्वीच्या पोटातली ऊब जाणवू लागते, आणि एका खोलीनंतर बर्फ टिकत नाही. म्हणजे हायड्रेटला राहायला समुद्रतळाखाली एक पट्टा मिळतो, काहीशे मीटर जाडीचा. वरून समुद्राचं वजन, खालून पृथ्वीची धग. अंदमानजवळ जमिनीतली ऊब कमी असल्याने हा पट्टा सुमारे सहाशे मीटर खोलवर जातो, आणि तिथला हायड्रेट ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत बसलेला आहे. पट्ट्याच्या तळाशी, जिथे बर्फ संपून मोकळा वायू सुरू होतो, तिथून ध्वनिलहरी जोरात परततात. जहाजावरच्या नोंदीत समुद्रतळाला समांतर अशी एक दुसरी रेघ उमटते, गाळाच्या थरांना आडवी छेदत जाणारी. भूवैज्ञानिकांना हायड्रेटचा पहिला सुगावा या रेघेवरून लागतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या उथळ गाळातही वायू आहे. तिथे ध्वनिलहरी सोडल्या तर कित्येक जागी खालचे थर दिसतच नाहीत, वायूचे बुडबुडे सगळं चित्र झाकून टाकतात. पण तिथे पाणी उथळ आहे, उबदार आहे. वायू बुडबुड्यांतच राहतो, त्याचा बर्फ होत नाही.

आता मिथेन येतो कुठून? नद्यांनी आणलेले वनस्पतींचे अवशेष आणि वरच्या पाण्यातून खाली पडणारे मेलेले सूक्ष्मजीव गाळात पुरले जातात. त्यांना खाणाऱ्या सूक्ष्मजीवांची एक उतरंड आहे. सगळ्यात वर ऑक्सिजनवर जगणारे. ते तो भराभर संपवतात. त्याखाली नायट्रेटवर, मग मँगनीज आणि लोहावर, मग सल्फेटवर जगणारे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असल्याने त्यांची सत्ता दूरवर चालते. सल्फेटही संपलं की उरतात ते आर्किया, जीवाणूंसारखे दिसणारे पण वंशाने फार वेगळे जीव. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यावर गुजराण करून ते मिथेन सोडतात. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला मिथेन मुख्यतः यांनीच बनवलेला आहे, हे त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून कळतं. जीव हलका कार्बन आधी उचलतात, म्हणून त्यांनी बनवलेल्या मिथेनमध्ये जड कार्बनचं प्रमाण फार कमी सापडतं.

थोडं विषयांतर करतो, कारण ही हकीकत महाराष्ट्राची आहे. २००६ च्या त्याच मोहिमेत गोदावरीच्या मुखासमोरून काढलेली सोळाव्या क्रमांकाच्या जागेची कोअर बर्फासाठी नव्हे, वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध झाली. पानांवर मेणाचा पातळ थर असतो आणि गाळात तो हजारो वर्षं टिकतो. लिव्हियू जोसान, कॅमिलो पोंटोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मेणातला कार्बन तपासून गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतला गोदावरी खोऱ्याचा पाऊसकाळ वाचला. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींचा वाटा वाढत जातो, आणि दख्खनवरून धुपून येणारी मातीही वाढते. प्रवरेकाठच्या दायमाबादला, जोर्व्याला ताम्रपाषाणयुगातले शेतकरी नांदले तो काळ या बदलाच्या पहिल्या शतकांतला. त्यांच्या काळातल्या पानांवरचं मेण आणि त्यांच्या काळात धुपलेली माती आज आंध्रसमोर समुद्रतळाखाली थराथराने लावून ठेवलेली आहे. शोधायला गेलो इंधन आणि हाती लागली आपल्याच जमिनीची बखर. हा लाभ मला इंधनाच्या तोडीचा वाटतो.

पुन्हा मिथेनकडे येऊ, कारण खरं आश्चर्य अजून सांगायचं आहे. समुद्राखालच्या गाळात इतका मिथेन तयार होत असेल आणि तो हळूहळू वर झिरपत असेल, तर समुद्राने तो रोज वातावरणात ओतायला हवा होता. तसं होत नाही. पृथ्वीवरून दरवर्षी वातावरणात जाणाऱ्या मिथेनमध्ये समुद्राचा वाटा अगदी थोडा आहे. भातखाचरं, पाणथळ जागा, गुरं, कचरा, कोळशाच्या खाणी, तेल-वायूची गळती यांच्यापुढे तो नगण्यच. वाटेत कोणीतरी मिथेन खाऊन टाकत होतं.

१९७० च्या दशकात विल्यम रीबर्ग आणि इतर काही संशोधक गाळातल्या पाण्याचे थेंब खोलीनुसार तपासत होते. त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. वरून खाली येणारं सल्फेट आणि खालून वर येणारा मिथेन एकाच पट्टीत नाहीसे होतात. त्या पट्टीत ऑक्सिजनचा मागमूस नसतो. ऑक्सिजनशिवाय मिथेन जाळता येतो यावर तेव्हाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विश्वास ठेवायला तयार नव्हते. मिथेनचा रेणू फार घट्ट असतो, तो फोडायचा तर ऑक्सिजनसारखं हत्यार हवं अशी ठाम समजूत होती, आणि असा जीव कोणी पाहिलेलाही नव्हता. रसायनशास्त्राचे आकडे एक सांगत होते, जीवशास्त्र त्याला नकार देत होतं. हा पेच वीसेक वर्षं टिकला.

२००० साली आन्त्ये बोएटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छायाचित्र छापलं. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यासमोर समुद्रात ‘हायड्रेट रिज’ नावाची एक टेकडी आहे, तिथे समुद्रतळाशीच हायड्रेट उघडा पडलेला आहे. त्यावरच्या चिखलात त्यांना सूक्ष्मजीवांचे गोल पुंजके सापडले. मध्ये साधारण शंभर आर्किया, भोवती सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंचं कवच. आर्किया मिथेन फोडतात, त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन जीवाणू घेतात आणि सल्फेटवर खर्च करतात. आपल्याकडे एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करून दोघांची शेतं नांगरतात, तसा हा व्यवहार आहे. एकट्याच्या बळावर यांतल्या कोणाचंच भागत नाही. आर्कियाने टाकलेले इलेक्ट्रॉन कोणी उचललेच नाहीत तर त्याचं काम जागच्या जागी थांबतं. पुढे २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की हे इलेक्ट्रॉन एका पेशीतून दुसऱ्या पेशीत थेट जातात, आणि पेशींमधल्या जागेत तारेसारखे बारीक तंतूही दिसले.

हे आर्किया आहेत कोण? मिथेन बनवणाऱ्यांचेच भाऊबंद. मिथेन बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर जे विकर काम करतं तेच विकर हे जीव उलट्या दिशेने चालवतात. एकाच घराण्यातले काही गाळाच्या तळघरात मिथेन घडवतात आणि वरच्या मजल्यावर त्यांचे चुलत नातलग तो मोडतात. या कामातून सुटणारी ऊर्जा अत्यल्प असते. ऑक्सिजनवर मिथेन जाळला तर जेवढी मिळेल तिच्या जेमतेम काही टक्के, आणि तीही दोघांत वाटून घ्यायची. इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर एका पेशीच्या दोन व्हायला कित्येक महिने जातात. आपल्या आतड्यातला एक साधा जीवाणू हे वीस-पंचवीस मिनिटांत करतो. तरीही समुद्राच्या गाळात तयार होणारा बहुतेक मिथेन, काही अंदाजांनुसार तर नव्वद टक्क्यांपर्यंत, हे जीव पाण्यात पोचण्याआधीच संपवतात. पृथ्वीचं हवामान आज जसं आहे तसं राहण्यात त्यांचा मोठा हात आहे, आणि २००० सालापर्यंत त्यांना कोणी पाहिलंही नव्हतं.

त्यांच्या कामातून दोन गोष्टी उरतात. एक बायकार्बोनेट, गाळातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की चुनखडीचे दगड तयार होतात. मिथेनमधला कार्बन असा दगड होऊन बसतो. दुसरा हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू. आणि या विषावरही संसार उभे राहतात. जिथे मिथेन जोरात वर येतो तिथे समुद्रतळावर सल्फाइड खाणाऱ्या जीवाणूंचे पांढरे गालिचे पसरतात. शिंपले आणि लांब नळ्यांत राहणारे कृमी असे जीवाणू स्वतःच्या शरीरात बाळगून जगतात. त्यांना सूर्य लागत नाही. १९९७ मध्ये मेक्सिकोच्या आखातात साडेपाचशे मीटरच्या आसपास चार्ल्स फिशर यांच्या चमूला उघड्या हायड्रेटच्या अंगात खळगे करून राहणारे गुलाबी कृमी सापडले. पेटणाऱ्या बर्फावर घर करून राहिलेले जिवंत प्राणी!

आपल्याकडेही हे जग आहे. गोव्याच्या दोना पावलातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अनिंद्य मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सिंधु साधना’ जहाजावरून कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, सतराशे मीटरांहून खोल, मिथेनचा जिवंत झरा शोधला. समुद्रतळापासून थोड्याच खोलीवर हायड्रेट आणि भोवती त्या वायूवर पोसलेली वस्ती. भारताच्या सागरी हद्दीतली अशी ही पहिली नोंद. गोदावरीकाठच्या एखाद्या झाडाच्या पानातला कार्बन समुद्राच्या तळाशी शिंपल्याच्या मांसात जाऊ शकतो, हे वाक्य आता कल्पना राहिलेलं नाही.

हायड्रेटबद्दल बोललं जातं ते मात्र एकतर खजिना म्हणून किंवा बॉम्ब म्हणून. खजिना तर आहेच. जगातल्या हायड्रेटमध्ये किती कार्बन आहे याचे अंदाज फार पसरलेले आहेत, पण सावध अंदाजही हजार अब्ज टनांच्या घरात जातात. जपानने मार्च २०१३ मध्ये नानकाई द्रोणीत जगातलं पहिलं सागरी उत्पादन करून पाहिलं. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर वायू आला आणि विहिरीत वाळू शिरल्याने काम थांबलं. चीनने २०१७ मध्ये दक्षिण चीन समुद्रात साठ दिवस वायू काढला आणि २०२० मध्ये महिन्याभरात साडेआठ लाख घनमीटरांच्या वर मजल मारली. भारताच्या २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत ‘चिक्यू’ या जपानी जहाजाला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात वाळूच्या थरांतला हायड्रेट सापडला, आणि उपसायला भेगाळ चिखलापेक्षा वाळूच सोयीची. तरीही व्यापारी उत्पादन आजवर कुठेच सुरू झालेलं नाही. बर्फ फोडावा तसा थर गारठतो, सैल होतो, पाणी आणि वाळू सोडतो.

आणि बॉम्ब? समुद्र तापला की सगळा हायड्रेट एकदम फुटेल, अशी भीती बरीच वर्षं घातली जाते. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वी अचानक पाच अंशांहून अधिक तापली होती, त्यात हायड्रेटचा हात असावा असं जेराल्ड डिकन्स यांनी १९९५ मध्ये मांडलं आणि तो वाद अजून चालू आहे. पण जवळच्या भूतकाळाची साक्ष धीर देणारी आहे. अंटार्क्टिकातल्या टेलर हिमनदीच्या बर्फात शेवटच्या हिमयुगाच्या अखेरची हवा अडकलेली आहे. हायड्रेटमधला मिथेन इतका जुना असतो की त्यात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो. त्या हवेतला मिथेन तपासल्यावर कळलं की साडेअकरा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी झपाट्याने तापली तेव्हाही असा जुना मिथेन वाढला नव्हता. खोलवरून सुटलेला बुडबुडा बहुधा वाटेतच पाण्यात विरघळतो, आणि पाण्यातले जीवाणू उरलेलं काम करतात. या शतकात हायड्रेटमुळे जाणवण्याइतका फरक पडण्याची शक्यता फारच कमी आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीचा, आयपीसीसीचा, २०२१ चा अहवाल सांगतो. माझं मत त्याच बाजूचं आहे. मिथेनची काळजी करायची तर आधी गळणाऱ्या नळ्या आणि शहरांचे कचरा डेपो पाहावेत.

पण राखणदारांचं काम संथ गतीवर बेतलेलं आहे. महिन्यांनी दुप्पट होणारे हे जीव झिरपणारा मिथेन पुरवून खातात. नवी वाट फुटून तो एकदम उसळला तर तितक्या वेगाने त्यांची संख्या वाढत नाही. म्हणून कृष्णा-गोदावरी खोऱ्यात उत्पादनाची विहीर खणायची ठरेल तेव्हा तिच्या जागेभोवती सल्फेट आणि मिथेन भेटतात ती पट्टी कुठे आहे, तिथे किती मिथेन खाल्ला जातो आणि कोणती वस्ती त्यावर जगते, याची मोजणी आधी काही वर्षं व्हावी, विहीर चालू असतानाही होत राहावी आणि तिचे आकडे सगळ्यांना पाहता यावेत. मोजणारी माणसं आणि जहाजं आपल्याकडे आहेत. खर्चाची तरतूद विहिरीच्या अंदाजपत्रकातच करावी.